दुधाची पिशवी गळत नाही, मग बाइकवरची बॅग का गळते?

भर पावसातली सकाळ. दुकानासमोर दुधाचे क्रेट उघड्यावर पडलेले असतात आणि त्यातल्या पिशव्या तासभर भिजत असतात. पिशवीचं प्लास्टिक जेमतेम केसाच्या जाडीचं. तरी आतलं दूध बाहेर येत नाही आणि बाहेरचं पाणी आत जात नाही.

आता बाइकवर बांधायची बॅग आठवा. कापड जाडजूड, त्यावर ‘वॉटरप्रूफ’ असा ठसठशीत शिक्का, किंमत काही हजार रुपये. पण घाटातला दोन तासांचा पाऊस अंगावर घेतला, की तळाशी वाटीभर पाणी साचलेलं सापडतं.

काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात गावी जाताना मी हे अनुभवलं. घरी पोचून बॅग उघडली तेव्हा वरचे कपडे कोरडे होते, म्हणून हायसं वाटलं. पण खाली हात घातला तर आईसाठी घेतलेल्या साडीची घडी अर्धी भिजलेली, पूजेच्या कापराचा डबा ओला आणि वडिलांच्या तपासण्यांच्या कागदांवरची शाई पसरलेली. पाऊस तर वरून पडतो. मग वरचा थर कोरडा आणि तळ ओला, हे कसं?

या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा लक्षात आलं की आपण बॅग घेताना बोटांनी कापड चाचपतो आणि पाणी मात्र कापडातून क्वचितच येतं. ते येतं जोडांमधून. दुधाच्या पिशवीत सुईचं एकही भोक नाही. आपल्या बॅगेत शेकडो असतात. म्हणून पावसाळी बॅग निवडताना कापडाआधी तिचे जोड पाहायचे, तिचं तोंड पाहायचं आणि ती कुठे घासणार आहे ते पाहायचं. हे का, ते पायरीपायरीने समजून घेऊ.

पाणी येतं कुठल्या दिशेनं?

उभ्या बाइकवर पाऊस वरून पडतो. धावत्या बाइकवर तो समोरून येतो. पावसाचा मोठा थेंब जमिनीकडे सेकंदाला साधारण ८ ते ९ मीटर वेगानं पडतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी बाइक त्याच सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकते. म्हणजे बाइकच्या दृष्टीनं थेंब खाली येतो त्याच्या दुप्पट वेगानं समोरून येतो. दोन्ही वेग एकत्र धरले, तर त्याच्या आदळण्यातली ऊर्जा उभ्या बाइकवर पडणाऱ्या थेंबापेक्षा चौपटीहून जास्त भरते. अंगणात तासभर भिजूनही कोरडी राहिलेली बॅग रस्त्यावर का हरते, याचं हे पहिलं कारण.

दुसरं पाणी खालून येतं. टायर रस्त्यावरचं पाणी उचलतो आणि मागे व वर भिरकावतो. मडगार्ड त्यातलं बरंचसं अडवतं, सगळं नाही. उरलेलं पाणी चिखल आणि बारीक वाळूसह बॅगेच्या तळावर आणि आतल्या बाजूवर आपटत राहतं.

तिसरं पाणी मागून येतं आणि ते सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. एसटीची मागची काच पाहा. समोरच्या काचेपेक्षा तिच्यावर कितीतरी जास्त धूळ बसलेली असते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरून गाडीकडेच परत येते आणि धूळ सोबत आणते. बाइकस्वाराच्या पाठीमागेही हेच घडतं. मागच्या सीटवर बांधलेल्या बॅगेच्या पाठीवर तुषार सतत चिकटत राहतात.

म्हणजे धावत्या बाइकवरच्या बॅगेला एकही सुरक्षित बाजू नसते. ‘वरून झाकलं म्हणजे झालं’ हा हिशेब इथे चालत नाही.

अळू, कौल आणि होडी

पाण्यापासून बचाव करायच्या तीन तऱ्हा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत.

पहिली तऱ्हा अळवाच्या पानाची. पानावर पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखे गोळा होतात आणि घरंगळून जातात. पानाच्या पृष्ठभागावर मेणचट, अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे पाण्याला पसरून चिकटायला जागाच मिळत नाही. रेनकोटच्या किंवा बॅगेच्या कापडावर असाच एक रासायनिक लेप देतात. नव्या बॅगेवर थेंब गोळा होऊन पळतात ते या लेपामुळे. दुकानदार पाणी शिंपडून दाखवतो तेव्हा आपण हेच पाहत असतो. पण हा लेप घासण्यानं, चिखलानं आणि साबणानं झिजतो. शिवाय तो पाण्याला निसटवतो, दाबून आत घुसणाऱ्या पाण्याला रोखू शकत नाही.

दुसरी तऱ्हा कौलारू छपराची. कौलांमध्ये फटी असतात, तरी घर गळत नाही, कारण वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं आणि उतारावरून पाणी घसरून पागोळ्यांनी खाली पडतं. शेतात लावणी करताना डोक्यावर घेतलेलं इरलंही याच तत्त्वावर चालतं. बॅगेवर चढवायचं रेनकव्हर आणि तोंडावरून खाली येणारी झडप ही कौलाचीच रूपं आहेत. यात एक अट असते, पाणी वरून खाली जायला हवं. वाऱ्याबरोबर झड आली की कौलाखालूनही पाणी घरात येतं. बाइकवर तर झड कायमचीच. त्यात रेनकव्हरचा तळ मोकळा असतो किंवा नुसत्या इलॅस्टिकनं आवळलेला असतो. खालून उडालेलं पाणी आत जातं आणि कव्हरच्या खोळीत साचून राहतं. बॅगेचा तळ मग त्या डबक्यात बसून प्रवास करतो. आईची साडी भिजली ती अशी. बॅगेचं कापड चांगलं होतं, पण तिच्या तळाची शिलाई दोन तास पाण्यात होती.

तिसरी तऱ्हा होडीची. तिला पाण्याचा उतार, दिशा, वारा यांच्याशी देणंघेणं नसतं. तिच्यात फटच नसते. दुधाची पिशवी याच जातीची. बाइकवर महाराष्ट्रातला पावसाळा काढायचा असेल, तर बॅग होडीच्या जातीची हवी. पहिल्या दोन तऱ्हा सोबतीला असल्या तर उत्तमच, पण भिस्त तिसरीवर.

कापडावरचे आकडे काय सांगतात?

बॅगेच्या माहितीत ‘१०००डी’, ‘१६८०डी’ असे आकडे असतात. हे ‘डी’ म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप. धागा ९००० मीटर लांब घेतला आणि त्याचं वजन १००० ग्रॅम भरलं, तर तो १००० डेनियरचा. आकडा जितका मोठा तितका धागा जाड, आणि बहुधा कापड घासण्याला, ओढण्याला तितकं टिकाऊ. पण डेनियरचा पाण्याशी थेट संबंध नाही. गोणपाटाचा धागा चांगला जाड असतो, तरी गोणपाट पाणी अडवत नाही.

पाणी अडवतो तो कापडावरचा अखंड लेप. बाजारात मुख्यतः तीन लेप दिसतात.

पीव्हीसीचा लेप ताडपत्रीवर असतो तसा. जाड, स्वस्त, घासणं सोसणारा. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. वर्षानुवर्षं उन्हात राहिल्यावर ती हळूहळू निघून जातात, मग कापड ताठ होतं आणि घडीवर चिरतं.

टीपीयू हा रबरासारखा लवचीक प्लास्टिकचा प्रकार. त्याला मऊ करायला वेगळी द्रव्यं लागत नाहीत, म्हणून तो वारंवार दुमडला तरी सहसा चिरत नाही. वजनाला हलका, किमतीला जास्त.

पीयूचा पातळ लेप स्वस्त बॅगांच्या आतून दिलेला असतो. नवा असताना तो बरा चालतो, पण दमट हवेत पाण्याच्या अंशामुळे त्याचे रेणू तुटत जातात. कपाटात चार पावसाळे पडून राहिलेली सॅक आतून चिकट होते आणि तिचे पापुद्रे हाताला लागतात, ते याच कारणानं. आपल्या दमट किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कापड किती दाब सोसतं हे सांगणारा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. कापडावर एक उभी नळी ठेवली आणि तिच्यात पाणी भरत गेलो, तर किती उंचीला पाणी कापडातून पाझरू लागतं, ते हे माप. २००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण एक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार पडला, तर तो दाब दहा मीटर उंच स्तंभाएवढा होतो. घट्ट ओढलेला पट्टा ओल्या कापडाला आतल्या टोकदार डब्यावर दाबतो, तेव्हा नेमका असा दाब तयार होतो. पातळ लेपाच्या बॅगा सपाट जागी कोरड्या राहतात आणि पट्ट्याखाली, कोपऱ्यांवर पाझरतात, त्यामागे हे गणित आहे.

नऊशे भोकं

आता मुख्य गुन्हेगाराकडे येऊ. शिलाई म्हणजे कापडाला ओळीनं भोकं पाडून त्यातून दोरा नेणं. एका सेंटिमीटरला तीन टाके धरले आणि बॅगेत एकूण तीन मीटर शिलाई धरली, तरी भोकं झाली नऊशे. शिवाय दोरा वातीसारखं काम करतो. समईतली वात तेल वर ओढते, तसा ओला दोरा पाणी बाहेरून आत ओढत राहतो.

ही अडचण जुनी आहे. स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. कापड पाणी अडवत होतं, पण शिंप्यानं कोट शिवला की सुईच्या भोकांमधून पाऊस आत येई. दोनशे वर्षं झाली, तरी बॅगेच्या बाबतीत आपण तोच धडा गिरवतो आहोत.

यावर उपाय दोन. पहिला, शिलाईवर आतून पट्टी चिकटवणं. उष्णतेनं डकवलेली ही पट्टी भोकं झाकते. स्वच्छ लावली असेल तर ती चांगलं काम करते, पण दुमडून, घासून काही वर्षांनी तिच्या कडा सुटू लागतात. बॅग उलटी करून आतल्या प्रत्येक शिलाईवर बोट फिरवा. पट्टी कुठे संपते, दोन पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात की मध्ये फट राहते, ते तपासा.

दुसरा उपाय म्हणजे शिवायचंच नाही, जोड वितळवून सांधायचा. पीव्हीसी आणि टीपीयू लेपाच्या कापडांचे काठ एकमेकांवर ठेवून उच्च वारंवारतेच्या विद्युतक्षेत्रात दाबतात. त्या क्षेत्रामुळे लेपातले रेणू वेगानं हलतात, आतूनच तापतात आणि दोन थर एकजीव होतात. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापतं, त्याच्याशी मिळतीजुळती ही क्रिया. दुधाच्या पिशवीची कडही उष्णतेनं अशीच सांधलेली असते. त्यात भोकही नाही आणि दोराही नाही.

वेल्डिंग केलेली बॅग ओळखायची कशी? जोडावर दोरा दिसत नाही, काठाशी एक-दोन सेंटिमीटर रुंदीची सपाट, दाबलेली पट्टी दिसते. मग एक गोष्ट आणखी पाहा. पट्टे, कड्या, बाहेरचा खिसा हे सारं कुठे शिवलं आहे? चांगली बॅग बनवणारे आधी कापडाचा वेगळा तुकडा घेतात, त्यावर पट्टा शिवतात आणि मग तो तुकडा बॅगेवर वेल्ड करतात. सुई मुख्य कापडाला लागतच नाही. मुख्य अंगावर थेट शिवलेली एखादी कडी अख्ख्या बॅगेची होडी बुडवू शकते.

तोंड: चेन की गुंडाळी?

बॅगेत सर्वांत मोठं भोक आपणच ठेवतो, सामान आत घालायला. ते बंद कसं होतं, यावर निम्मी लढाई ठरते.

साधी चेन म्हणजे दातांमध्ये दात. त्यांच्या फटींतून पाणी सहज जातं. चेनच्या पट्टीवर रबरी लेप दिला की शिंतोडे अडतात, पण चेनचं टोक, जिथे रनर येऊन थांबतो, तिथे बारीक फट राहतेच. पाणबुड्यांच्या पोशाखाला लावतात तशी खऱ्या अर्थानं जलरोधक चेनही मिळते. मात्र ती महाग, ओढायला ताठ, आणि दातांत वाळूचा कण अडकला की बिनकामाची. समुद्रकाठच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला ती सांभाळणं कठीण.

गुंडाळीचं तोंड, ज्याला बाजारात रोल-टॉप म्हणतात, त्यात यंत्र काहीच नाही. दिवाळीतल्या चिवड्याच्या पुडीचं तोंड आपण दोन-तीनदा दुमडतो आणि वर चिमटा लावतो, म्हणजे चिवडा सादळत नाही. इथेही तेच. तोंडाचे दोन्ही काठ जुळवायचे, तीनदा तरी घट्ट गुंडाळायचे, दोन्ही टोकांची बकलं लावून ताणायची. पाण्याला आत यायचं तर एकमेकांवर दाबलेल्या थरांमधून वळणं घेत लांबचा प्रवास करावा लागतो, आणि दाब कायम असेल तर त्याला तेवढी वाटच मिळत नाही.

हे तोंड बिघडतं ते आपल्या हातून. बॅग काठोकाठ भरली की गुंडाळायला कापड उरत नाही, एकच घडी बसते. घडीत चुणी राहिली की ती पन्हळीसारखी पाणी आत नेते. म्हणून रोल-टॉप बॅगेचा वरचा पाव भाग रिकामाच सोडायचा, हे गृहीत धरून माप निवडावं. तीस लिटर सामान असेल तर चाळीस लिटरची बॅग घ्यावी. लिटरचा अंदाज येत नसेल तर घरातली मोजलेली बादली घ्या आणि न्यायचं सामान तिच्यात भरून पाहा. किती बादल्या होतात ते कळलं की बॅगेचं माप कळलं.

आयपी क्रमांकाचा अर्थ

काही बॅगांवर ‘आयपीएक्स ६’ किंवा ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातली ही श्रेणी मुळात विजेच्या उपकरणांच्या आवरणांसाठी आहे. पहिला अंक धुळीसारख्या घन वस्तूंबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. एक्स म्हणजे ती चाचणी नोंदलेली नाही.

पाण्याचा अंक ४ म्हणजे सर्व बाजूंनी शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटरचा फवारा. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरचा जोरदार झोत. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं बुडवणं.

यात एक बारकावा आहे. ७ हा ६ पेक्षा मोठा अंक असला, तरी बुडवण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेली वस्तू झोताच्या परीक्षेतही टिकेलच असं नाही. शांत पाण्यातला दाब आणि झोताचा मारा या वेगळ्या गोष्टी. बाइकवर आपला सामना झोताशी असतो, त्यामुळे आपल्यासाठी ५ किंवा ६ या अंकाचा अर्थ जास्त. आणि ही परीक्षा नव्या बॅगेची असते, तीन पावसाळे घासलेल्या बॅगेची नव्हे.

मऊ बॅगेचं एक छुपं बळ

कडक पेटी जास्त सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. कुलूप, चोरी, नाजूक सामान यांच्या बाबतीत ते खरं आहे. पण पाण्याच्या बाबतीत मऊ बॅगेकडे एक गुण आहे, जो पेटीकडे नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा अंदाजे १५ टक्के कमी असतो. वेफर्सचं पाकीट वर नेलं की फुगतं, आणि वर घट्ट बंद केलेली रिकामी बाटली आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरल्यावर चेपलेली दिसते, ती यामुळे. कडक पेटी चेपू शकत नाही. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि ती झाकणाच्या रबरी पट्टीतून हवा आत ओढू पाहते. त्याच पट्टीवर पावसाचं पाणी साचलेलं असेल, तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं. उन्हात तापलेल्या पेटीवर अचानक गार सर आली, तरी आतली हवा आकसून हाच खेळ होतो.

मऊ बॅग अशा वेळी स्वतःच थोडी आकसते. आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा राहतो आणि पाणी ओढायला जोरच उरत नाही. घाट चढताना मात्र ती फुगते आणि पट्ट्यांवर ताण आणते, म्हणून बंद करण्याआधी तिच्यातली हवा दाबून काढावी. काही बॅगांना त्यासाठी छोटी झडप असते. बाइक आडवी पडली, तर पायावर कडक पेटीचा काठ येण्यापेक्षा मऊ बॅग येणं बरं, हाही फायदा छोटा नाही.

पिशवीत पिशवी

जलरोधक बॅगांची दोन घराणी आहेत. एकात बाहेरचं कापडच पाणी अडवतं. दुसऱ्यात बाहेर दणकट कापडाची साधी बॅग असते आणि आत वेगळी जलरोधक पिशवी. पहिल्या प्रकारात एका भोकानं सारं संपतं, आणि ते भोक रस्त्यावरच्या खडीनं, झुडपानं किंवा बाइकच्या एखाद्या बोल्टनं पडू शकतं. दुसऱ्या प्रकारात बाहेरची बॅग मार खाते आणि आतली पिशवी सुरक्षित राहते. मुक्कामाला पोचल्यावर चिखलाची बॅग बाइकवरच ठेवून आतली कोरडी पिशवी उचलून घरात नेता येते. तिचा तोटा म्हणजे बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं आणि वाळायला वेळ घेतं.

रोजचं ऑफिस आणि अधूनमधूनचा प्रवास असेल तर पहिला प्रकार सुटसुटीत. आठ-दहा दिवसांचा कच्च्या रस्त्यांवरचा प्रवास असेल तर दुसरा. दोन्हींत कागदपत्रं, औषधं आणि फोनचा चार्जर मात्र वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करावीत. एक भिंत पडली, तरी दुसरी उभी राहते.

आणि लक्षात ठेवा, होडीत बाहेरून पाणी येत नाही, तसं आतलं पाणी बाहेरही जात नाही. ओला टॉवेल कोरड्या कपड्यांसोबत बंद केला, तर सकाळपर्यंत सगळं दमट होऊन कुबट वास येतो. ओल्या कपड्यांची पिशवी निराळी हवी.

बाइकवर बसवताना

कितीही चांगली बॅग सायलेन्सरला टेकली की संपली. नायलॉन, पॉलिएस्टर, पीव्हीसी ही सगळी प्लास्टिकच, आणि तापलेल्या सायलेन्सरपुढे ती टिकत नाहीत. दुकानात बाइक उभी असताना चार बोटं अंतर दिसतं, पण मागे माणूस बसला आणि खड्डा आला की बॅग खाली लोंबते. म्हणून कुणाला तरी मागे बसवून, बाइक दाबून अंतर पाहा. जागा कमी असेल तर बॅगेला दूर धरणारा लोखंडी आधार, म्हणजे स्टे, बसवून घ्या.

डाव्या बाजूचं साडी गार्ड बॅगेसाठी काढून टाकू नका. मागच्या प्रवाशासाठी चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नं बंधनकारक केलं आहे. तेच गार्ड बॅगेलाही चाकात जाण्यापासून वाचवतं.

बांधायला हुकांची इलॅस्टिक दोरी सोपी वाटते. पण जी ताणते ती झोलही देते. प्रत्येक वळणावर बॅग थोडी हलते, हललेली बॅग घासते आणि घासलेला लेप गळतो. निसटलेला हुक डोळ्याला इजा करू शकतो. न ताणणारे, बकलानं आवळायचे पट्टे वापरावेत आणि त्यांची लोंबती टोकं गुंडाळून खोचावीत, म्हणजे ती साखळीत किंवा चाकात जाणार नाहीत. बॅग जिथे बाइकच्या अंगाला टेकते, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला तर रंगही वाचतो आणि बॅगही.

राहिला तोल. भरलेली घागर बाई कमरेला टेकवून नेते, हात लांब करून धरत नाही, कारण अंगापासून जितकी लांब, तितकी ती जास्त ओढते. बाइकचंही तसंच. जड वस्तू खाली आणि बाइकच्या मध्याजवळ, हलक्या वस्तू वर आणि मागे, डावं-उजवं वजन सारखं. मागच्या चाकाच्याही मागे जड सामान टांगलं, तर सी-सॉसारखं पुढचं चाक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर वळताना पकड कमी पडते. बाइकच्या पुस्तिकेत दिलेली वजनाची मर्यादा पाळा आणि वजनाप्रमाणे टायरमधली हवा वाढवा. टेल लाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली गेली नाही ना, हे मागे जाऊन पाहा. धुवाधार पावसात मागच्या गाडीला आपला तेवढा लाल ठिपकाच दिसत असतो.

घरच्या घरी परीक्षा

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे शोधतो. बॅगेसाठीही हीच युक्ती. बॅगेत हवा भरून तोंड नीट गुंडाळा, वरून दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की तिथे वाट आहे. हवा काही मिनिटं टिकली तर जोड चांगले.

मग बॅगेत सुकी वर्तमानपत्रं सैल भरून ती बाइकवर नेहमीसारखी बांधा आणि पाइपचा झोत पंधरा मिनिटं वरून, खालून, मागून मारा. पाणी कुठून आलं हे कागदावरचे ओले डाग बिनचूक सांगतात. नवी बॅग घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच ही परीक्षा करा, म्हणजे बदलून घेता येईल.

चौकट: खरेदीला जाताना

- जोड वेल्डिंगचे आहेत की शिवलेले? शिवलेले असतील तर आतून सर्वत्र पट्टी आहे का?
- पट्टे आणि कड्या मुख्य कापडावर थेट शिवल्या आहेत का?
- तोंड गुंडाळीचं आहे का? तीन घड्या बसल्यावर हवं तेवढं माप उरतं का?
- लेप कोणता: पीव्हीसी, टीपीयू की पातळ पीयू?
- आयपी अंक दिला असेल तर पाण्याचा अंक ५ किंवा ६ आहे का?
- आतलं अस्तर फिकट रंगाचं आहे का? काळोख्या तळाशी सामान सापडत नाही.
- आपल्याच बाइकवर बसवून पाहिली का? सायलेन्सर, चाक आणि दिव्यांपासून अंतर आहे का?
- फक्त रेनकव्हर असलेली बॅग शहरातल्या छोट्या अंतरापुरती समजावी.

प्रवास संपल्यावर

बॅग घरी आली की चिखल साध्या पाण्यानं धुवा, विशेषतः तोंडाच्या घडीतला. तिथे राहिलेली वाळू पुढच्या वेळी घडीला पूर्ण मिटू देत नाही आणि लेपाला सँडपेपरसारखी खरवडते. बॅग उघडी ठेवून सावलीत वाळवा. एकाच घडीवर दाबून महिनोन्‌महिने ठेवू नका, सैल गुंडाळून ठेवा. बारीक भोक दिसलं तर त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ योग्य चिकटद्रव्यानं लगेच लावा. लहान असताना ते पाच मिनिटांचं काम असतं.

त्या गणपतीनंतर मी वेल्डिंगच्या जोडांची, गुंडाळीच्या तोंडाची बॅग घेतली. पण विश्वास बॅगेवर टाकून मोकळा झालो नाही. प्रत्येक पावसाळी प्रवासाला निघताना वर्तमानपत्राचं एक पान तिच्या तळाशी अंथरतो. गावी पोचलो की आधी ते पान काढून पाहतो. कोपऱ्यात एवढासा जरी डाग दिसला, तरी तो जोड त्याच दिवशी दुरुस्तीला घेतो. गेल्या गणपतीत पान कोरडं निघालं. वडिलांनी ते हातात घेतलं, चष्मा लावला आणि ओसरीवर बसून वाचायला लागले.